मीठ, किल्ला आणि खाण : कार्दोना या कातालान गावाचे भूदृश्य, इतिहास आणि वास्तुवारसा

उद्दिष्टे

हे टिपण वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात :
१. कार्दोना येथील मिठाचा डोंगर कसा तयार झाला हे क्रमाने सांगता येणे.
२. मीठ, सरहद्द आणि सरंजामी सत्ता यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येणे.
३. सांत व्हिसेन्स चर्चच्या आधारे ‘पहिल्या रोमनेस्क’ शैलीची लक्षणे ओळखता येणे.
४. बंद पडलेली खाण हा वारसा ठरू शकतो का, या प्रश्नावर स्वतःचे मत कारणांसह मांडता येणे.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या ऐतिहासिक गावाची माहिती देताना आपण बहुधा तीन याद्या करतो. डोंगर-नद्यांची एक, राजांची आणि लढायांची दुसरी, आणि पाहण्यासारख्या इमारतींची तिसरी. परीक्षेपुरते हे चालते. पण त्या तीन याद्यांचा एकमेकींशी काय संबंध, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. या टिपणात आपण असे एक छोटे गाव घेणार आहोत, जिथे हा संबंध अगदी उघड दिसतो. त्या गावाचे नाव कार्दोना.

कार्दोना स्पेनमधील कातालोनिया या स्वायत्त प्रदेशात, बार्सेलोना प्रांतात आहे. बार्सेलोना शहरापासून रस्त्याने ते सुमारे ९० किलोमीटर वायव्येला येते. लोकसंख्या पाच हजारांच्या आत. गावाजवळून कार्देनेर नदी वाहते आणि पुढे ती ल्योब्रेगात नदीला मिळते. ल्योब्रेगात बार्सेलोनाजवळ भूमध्य समुद्राला मिळते. ही नद्यांची साखळी लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे. येथील लोकांची भाषा कातालान. ती स्पॅनिशची बोली नसून लॅटिनपासून निघालेली स्वतंत्र भाषा आहे. म्हणून या टिपणातील स्थानिक नावे शक्यतो कातालान उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

गावात तीन गोष्टी दुरूनच डोळ्यांत भरतात. टेकडीवरचा किल्ला, किल्ल्यातच उभे असलेले अकराव्या शतकातील दगडी चर्च, आणि टेकडीच्या पायथ्याच्या दरीत उघडा पडलेला मिठाचा डोंगर. या तिन्हींना जोडणारा धागा मीठ आहे, हे या टिपणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. भूदृश्य : मिठाचा डोंगर कसा झाला?

समुद्रापासून इतक्या आत, डोंगराळ भागात मीठ कुठून आले? उत्तरासाठी साधारण पावणेचार कोटी वर्षे मागे जावे लागेल. भूशास्त्रात या काळाला इओसीन काळाचा उत्तरार्ध म्हणतात. त्या वेळी उत्तरेला पिरेनीज पर्वत हळूहळू वर उचलला जात होता. त्याच्या दक्षिणेकडील जमीन खचून तिथे एक लांबट खोलगट भाग तयार झाला होता आणि त्यात समुद्राचे पाणी होते. पर्वत उंचावत गेला तशी या पाण्याची महासागराकडे जाणारी वाट बंद झाली. आता उरला तो चहूबाजूंनी कोंडलेला समुद्र. तो आटू लागला.

समुद्र आटताना त्यातील क्षार एकदम खाली बसत नाहीत. कमी विरघळणारे क्षार आधी बाहेर पडतात आणि जास्त विरघळणारे शेवटी. त्यामुळे तळाशी जिप्सम, त्यावर आपले नेहमीचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि सर्वांत वर पोटॅशियमचे क्षार असा थर तयार होतो. हा क्रम नीट ध्यानात ठेवा. मधल्या थराने मध्ययुगीन कार्दोना घडवले आणि वरच्या थराने विसाव्या शतकातील कार्दोना.

पुढे या थरांवर नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला आणि त्याचे वालुकाश्म व इतर खडक बनले. मीठ खोल गाडले गेले. मग ते वर कसे आले? मिठाचा खडक दिसायला घट्ट असला तरी मोठ्या दाबाखाली तो मळलेल्या कणकेसारखा वागतो. शिवाय तो वरच्या खडकांपेक्षा हलका असतो. पर्वतनिर्मितीच्या रेट्यात थरांना घड्या पडल्या, वरचे खडक भेगाळले आणि दाबलेले मीठ त्या कमकुवत जागेतून वर सरकू लागले. अशा रचनेला मिठाचा घुमट किंवा डायापिर म्हणतात. कार्दोनाला हा घुमट थेट जमिनीबाहेर आला आहे.

ज्या दरीत तो दिसतो तिला ‘व्हाल सालिना’, म्हणजे मिठाची दरी, म्हणतात. दरी सुमारे दोन किलोमीटर लांबीची, लंबवर्तुळाकार आहे. तिच्यात पांढरे, करडे, तांबूस पट्टे असलेला सैंधवाचा डोंगर उभा आहे. पावसाच्या पाण्याने त्याच्यावर धारदार कंगोरे आणि खोल चिरा पाडल्या आहेत. पाऊस वरून मीठ विरघळवतो आणि खालून मीठ अत्यंत सावकाश वर येत राहते. म्हणजे हा डोंगर एकाच वेळी झिजतो आहे आणि वाढतो आहे.

रोमन मुत्सद्दी थोरला केटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, एब्रो नदीपलीकडच्या प्रदेशाविषयी लिहिताना, निव्वळ मिठाच्या एका मोठ्या डोंगराचा उल्लेख केला होता. त्यातून काढावे तितके मीठ पुन्हा भरून येते, असे त्याने नोंदवले. हा डोंगर कार्दोनाचाच, असे सामान्यतः मानले जाते. केटोच्या विधानात अतिशयोक्ती आहे, पण ते निराधार नाही हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

३. मिठाचे मोल

आज मीठ ही घरातील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक. म्हणून जुन्या काळातील त्याचे मोल आपल्याला सहज उमगत नाही. बर्फ आणि शीतपेट्या नसताना मांस, मासे आणि चीज टिकवण्याचा हुकमी उपाय म्हणजे मीठ. कातडी कमावायला मीठ लागे. गुराढोरांना, मेंढ्यांना मीठ चाटायला द्यावे लागे. हिवाळ्यात ताजे अन्न दुर्मिळ होणाऱ्या डोंगराळ भागात मिठाशिवाय वर्ष निघत नसे.

कार्दोनाच्या मिठाचे आणखी एक वैशिष्ट्य होते. समुद्राकाठी मीठ मिळवायचे तर आगरे बांधावी लागतात, ऊन आणि वारा यांवर अवलंबून राहावे लागते. इथे मीठ आयते दगडाच्या रूपात उघड्यावर होते. फक्त फोडायचे आणि वाहून न्यायचे.

हे माणसाला फार पूर्वी कळले. नवाश्मयुगात, इसवी सनापूर्वी साधारण ४५०० ते ३५०० या काळात, इथे मीठ काढले जात होते. मीठ फोडण्यासाठी व कुटण्यासाठी वापरलेली कठीण दगडाची हत्यारे या परिसरात सापडली आहेत. त्याच काळात बार्सेलोनाजवळच्या गाव्हा येथे हिरव्या रंगाच्या व्हॅरिसाइट या दगडाच्या खाणी होत्या. त्या दगडाचे मणी कार्दोनाच्या आसपासच्या थडग्यांत मिळतात. मीठ देऊन अशा मौल्यवान वस्तू आणल्या जात असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे किल्ला, चर्च, राजे यांच्या कितीतरी आधी इथे मीठ हे देवाणघेवाणीचे साधन होते.

४. सरहद्दीवरचा किल्ला आणि ९८६ ची सनद

आठव्या शतकाच्या सुरुवातीला आयबेरियन द्वीपकल्पाचा बहुतांश भाग मुस्लिम सत्तेखाली आला. उत्तरेकडून फ्रँक राजे दक्षिणेकडे सरकू लागले. दोन्ही सत्तांच्या मध्ये सरहद्दीचा एक पट्टा तयार झाला आणि कार्दोना या पट्ट्यात होते. शार्लमेनचा मुलगा लुई याने ७९८ मध्ये जी ठाणी पुन्हा वसवून मजबूत केली, त्यांत कार्दोनाचे नाव येते. पुढे बार्सेलोनाचा काउंट गिफ्रे, ज्याला इतिहास ‘केसाळ गिफ्रे’ म्हणून ओळखतो, त्याने ८८६ च्या सुमारास येथील किल्ल्याची पुन्हा उभारणी केली.

जागेची निवड पाहा. किल्ल्याची टेकडी थेट मिठाच्या दरीवर उभी आहे आणि तिच्या पायाशी नदी आहे. वरून दरीतले मीठ, नदीचे पात्र आणि येणारे-जाणारे रस्ते, हे सारे एका नजरेत येते. हा किल्ला सरहद्द राखत होता, तसाच मिठाची वखारही राखत होता.

पण किल्ला बांधला म्हणजे गाव वसत नाही. धोक्याच्या जागी माणसे का राहतील? या प्रश्नाचे उत्तर एका दस्तऐवजात सापडते. ९८६ मध्ये काउंट बोरेल दुसरा याने कार्दोनाच्या रहिवाशांना वसाहतीची सनद दिली. आदल्याच वर्षी, ९८५ मध्ये, अल-मन्सूरच्या फौजांनी बार्सेलोना लुटले होते. सरहद्दीवर माणसे टिकवणे ही तेव्हा निकडीची गरज होती. म्हणून सनदेत उदार सवलती होत्या. त्यांतील एक तरतूद आजही वाचकाला थबकवते. पळून आलेला दास वा दासी, दुसऱ्याची बायको घेऊन आलेला पुरुष, इतकेच काय एखादा चलाख चोरसुद्धा, इथे येऊन राहिला तर इतर रहिवाशांप्रमाणे निर्धास्त राहू शकेल, असे तिच्यात म्हटले होते.

या तरतुदीकडे केवळ दयाबुद्धी म्हणून पाहू नका. सरहद्दीवर तट राखायला आणि जमीन कसायला हात हवे होते, तेव्हा त्या हातांचा पूर्वेतिहास विचारण्याची चैन राजाला परवडणारी नव्हती. पण हेतू काहीही असो, ज्यांना इतरत्र कुठेच जागा नव्हती अशा माणसांना इथे कायदेशीर आसरा मिळाला. कार्दोनाच्या पायात हे लोकही आहेत.

५. मिठावर उभे राहिलेले घराणे

अकराव्या शतकापासून किल्ल्यावर व्हायकाउंटांचे घराणे स्थिरावले. व्हायकाउंट म्हणजे मुळात काउंटचा नायब. कार्दोनाचे व्हायकाउंट मात्र नायब राहिले नाहीत. मिठाचे उत्पन्न त्यांच्या हाती होते, आणि हे उत्पन्न दुष्काळात बुडत नसे की टोळधाडीने जात नसे. १३७५ मध्ये त्यांना काउंटचा किताब मिळाला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस ड्यूकचा. आरागोनच्या राजसत्तेत त्यांचे वजन इतके वाढले की त्यांना ‘मुकुट नसलेले राजे’ म्हटले जाऊ लागले. सतराव्या शतकात विवाहसंबंधातून त्यांची मालमत्ता मेदिनासेली या कास्टिलच्या घराण्याकडे गेली.

इथे एक आर्थिक तत्त्व शिकण्यासारखे आहे. शेतीवरचा सारा गोळा करायचा तर शेकडो गावांवर हुकमत हवी. मिठाचे तसे नाही. ते एकाच जागी असते, त्याची गरज सर्वांना असते आणि त्याला पर्याय नसतो. ज्याच्या ताब्यात ती एक जागा, त्याच्या ताब्यात सगळ्या परिसराचे स्वयंपाकघर.

६. सांत व्हिसेन्सचे चर्च

आता या टिपणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. मिठातून आलेल्या संपत्तीचे सर्वांत देखणे रूप म्हणजे किल्ल्यातील सांत व्हिसेन्सचे चर्च. व्हायकाउंट बेर्मोन याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे काम सुरू केले. त्या काळातील प्रभावी धर्माधिकारी ओलिबा याने इथल्या धार्मिक समुदायाची घडी पुन्हा बसवण्याचा सल्ला बेर्मोनला दिला होता. १०४० मध्ये चर्चचा अभिषेकविधी झाला.

या चर्चची शैली ‘पहिली रोमनेस्क’ म्हणून ओळखली जाते. हे नाव कातालान वास्तुविशारद आणि इतिहासकार जुसेप पुच इ कादाफाल्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केले. उत्तर इटलीतील लोंबार्दी भागातील गवंड्यांशी तिचे नाते असल्यामुळे तिला लोंबार्द रोमनेस्क असेही म्हणतात. तिची लक्षणे आपण याच इमारतीत एकेक करून पाहू.

बाहेरची भिंत : दगड लहान आकाराचे, ओबडधोबड घडवलेले आहेत. कोरीव मूर्ती किंवा वेलबुट्टी जवळजवळ नाहीच. सजावट आहे ती भिंतीच्याच बांधकामातून उमटलेली. ठरावीक अंतरावर किंचित पुढे आलेले उभे पट्टे आणि छताखाली त्यांना जोडणारी छोट्या बंद कमानींची ओळ. या पट्ट्यांना ‘लोंबार्द पट्टे’ म्हणतात. ऊन तिरपे पडले की पट्ट्यांच्या सावल्या भिंतीवर रेषा आखतात.

आराखडा : आत शिरल्यावर मधोमध उंच, लांब मध्यदालन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद, कमी उंचीची दालने. पूर्वेच्या टोकाला तीन अर्धवर्तुळाकार भाग आहेत, त्यांना ॲप्स म्हणतात. मधल्या ॲप्ससमोर मुख्य वेदी असते.

छत : मध्यदालनावर दगडी कमानछत आहे. एखादी नळी उभी चिरून तिचा अर्धा भाग पालथा घालावा, तसा त्याचा आकार. लाकडी छतांना आगीचे भय असे. दगडी छताने ते भय कमी केले, पण नवा प्रश्न उभा केला. दगडी कमानछताचा रेटा केवळ खाली नसतो, तो भिंतींना बाहेरही ढकलतो. इथल्या गवंड्यांनी त्यावर काढलेला तोडगा असा : भिंती जाड ठेवल्या, छताला ठरावीक अंतरावर आडव्या कमानींचा आधार दिला आणि त्या कमानींचे वजन पेलायला पायरी-पायरीने घडवलेले भक्कम खांब उभे केले. बाजूच्या दालनांवर काटकोनात छेदणारी छोटी कमानछते आहेत. ती मध्यदालनाला दोन्हीकडून टेकू देतात. खांबाचा प्रत्येक कोपरा वरच्या कोणत्या ना कोणत्या कमानीशी जुळतो. म्हणजे खांबाकडे पाहून छताची रचना ओळखता येते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इतकी सुसंगत रचना ही मोठी मजल होती.

घुमट : मध्यदालन आणि आडवे दालन जिथे एकमेकांना छेदतात तिथे घुमट आहे. खालची जागा चौकोनी आणि वर घुमट गोल. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत छोट्या कोनाडेवजा कमानी बांधून चौकोनाचा अष्टकोन केला आहे आणि त्यावर घुमट बसवला आहे. या कोपऱ्यातील कमानींना स्क्विंच म्हणतात.

तळघर : वेदीचा भाग उंच चौथऱ्यावर आहे आणि त्याखाली छोट्या खांबांवर उभे असलेले प्रार्थनेचे तळघर, म्हणजे क्रिप्ट, आहे. त्यामुळे मध्यदालनात उभ्या असलेल्या माणसाची नजर आपोआप वर जाते.

आजचा पाहुणा या चर्चमध्ये आला की त्याचा ओकाबोका दगड पाहून भारावतो आणि ‘मध्ययुग किती साधे होते’ असे म्हणतो. इथे सावध राहा. तो रितेपणा सगळाच मूळचा नाही. प्रवेशमंडपात भित्तिचित्रे होती. त्यांतील एकात शत्रूच्या वेढ्यातून जिरोना शहराचे रक्षण केल्याचा प्रसंग आहे. ही चित्रे आता बार्सेलोनातील कातालोनियाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत. चर्चमधील इतर साजही पुढच्या शतकांत नाहीसा झाला. तो कसा, ते आठव्या भागात पाहू. जुनी वास्तू पाहताना नेहमी दोन प्रश्न विचारावेत. इथे काय आहे? आणि इथले काय गेले आहे?

७. किल्ल्याखालचे गाव

किल्ल्यातील आणखी एक अवशेष म्हणजे ‘तोर्रे दे ला मिन्योना’, अर्थात ‘कन्येचा बुरूज’. हा अकराव्या शतकातील गोल बुरूज आहे, त्याचा वरचा भाग आता उरलेला नाही. त्याच्याशी एक दंतकथा जोडलेली आहे. व्हायकाउंटची मुलगी आदालेस एका मुस्लिम सरदाराच्या प्रेमात पडली, म्हणून घरच्यांनी तिला या बुरुजात कोंडले. एक मुका नोकर तिला अन्न पोहोचवत असे. तिथेच तिचा अंत झाला. या कथेला इतिहासाचा पुरावा मानता येत नाही. पण दोन धर्मांच्या सरहद्दीवर राहणाऱ्या समाजाला कशाची भीती वाटत होती, हे ती नेमके सांगते.

टेकडीच्या उतारालगत जुने गाव आहे. अरुंद गल्ल्या, दगडी घरे, तटबंदीचे अवशेष आणि जुन्या वेशी. मुख्य चौकाचे नावच ‘प्लासा दे ला फिरा’, म्हणजे जत्रेचा चौक. दुसरा चौक बाजाराचा. मिठाच्या निमित्ताने येणाऱ्या व्यापाऱ्यांनी गावाला बाजारपेठ बनवले, हे चौकांची नावेच सांगतात. चौदाव्या शतकात गावकऱ्यांनी सांत मिकेल हे चर्च गॉथिक शैलीत बांधले आणि १३९७ मध्ये त्याचा अभिषेक झाला. वर किल्ल्यात घराण्याचे चर्च, खाली गावात लोकांचे चर्च. या दोन इमारतींमधील उंचीचा फरक हा सामाजिक फरकही आहे.

नदीवर ‘सैतानाचा पूल’ नावाचा एक गॉथिक पूल आहे. तो पंधराव्या शतकात बांधायला घेतला आणि अर्धवटच राहिला. अपुऱ्या वास्तूही इतिहास सांगतात. गावाची महत्त्वाकांक्षा आणि तिची मर्यादा, दोन्ही इथे दगडात दिसतात.

८. वेढे, १७१४ आणि छावणी

तोफांच्या काळात उंच, पातळ भिंती निकामी ठरल्या. म्हणून किल्ल्याभोवती बुटके, जाड आणि कोनदार बुरूज आले. तोफगोळा अडवायचा आणि प्रत्येक कोनातून शत्रूवर मारा करायचा, हा त्यामागचा विचार.

या तटबंदीची खरी कसोटी स्पेनच्या वारसायुद्धात लागली. स्पेनच्या गादीवर बूर्बाँ घराण्याचा फिलिप पाचवा बसावा की ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स, असा हा वाद होता. कातालोनियाने पुढे चार्ल्सची बाजू घेतली. १७११ च्या अखेरीस बूर्बाँ फौजांनी कार्दोनाला वेढा घातला, पण किल्ला त्यांना घेता आला नाही. ११ सप्टेंबर १७१४ रोजी बार्सेलोना पडले. हा दिवस आजही कातालोनियाचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर एका आठवड्याने, १८ सप्टेंबरला, मानुएल देसव्हाल्स याच्या नेतृत्वाखालील कार्दोनाच्या शिबंदीने किल्ला सोडला. म्हणून कातालान स्मृतीत कार्दोना हा शेवटपर्यंत टिकलेल्या ठाण्यांपैकी एक आहे.

विजेत्यांनी किल्ला पाडला नाही, त्याची लष्करी छावणी केली. अठराव्या शतकाच्या अखेरीस सांत व्हिसेन्समधील उपासना थांबली आणि चर्चचा वापर सैनिकांसाठी होऊ लागला. आपण मघाशी ज्या रितेपणाविषयी बोललो, त्याचे एक मोठे कारण हे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इमारतीचा जीर्णोद्धार झाला. १९६५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘चाइम्स ॲट मिडनाइट’ या ऑर्सन वेल्सच्या चित्रपटात इंग्लंडच्या राजदरबाराचे प्रसंग याच चर्चमध्ये चित्रित झाले आहेत. १९७६ मध्ये किल्ल्याच्या काही भागात ‘पारादोर’, म्हणजे ऐतिहासिक वास्तूत चालणारे सरकारी हॉटेल, सुरू झाले.

९. वरचा थर : पोटॅशची खाण

आता दुसऱ्या भागातील थर आठवा. मिठावर पोटॅशियमचे क्षार साचले होते. मध्ययुगाला त्यांचा उपयोग नव्हता. विसाव्या शतकातील शेतीला मात्र ते हवे होते. आपल्याकडे खताच्या दुकानात ‘एमओपी’ किंवा नुसते ‘पोटॅश’ म्हणून मिळते ते हेच, पोटॅशियम क्लोराइड. १९१२ मध्ये कार्दोनाजवळच्या सुरिया येथे पोटॅशचा शोध लागला आणि पुढील काही दशकांत कार्दोनाच्या मिठाच्या दरीतही मोठी खाण उभी राहिली. ‘निएव्हेस’ हे तिचे नाव. उपाशी डोंगराळ भागांतून मजूर कामाला आले, गाव वाढले. खाण तेराशे मीटरहून अधिक खोल गेली. इतक्या खोलवर खडक तापलेला असतो, हवा खेळवावी लागते, आणि मिठाची धूळ घामात मिसळून अंगाला चिकटते.

१९९० मध्ये खाण बंद पडली. ज्या गावाचा प्रत्येक रस्ता खाणीकडे जात होता, त्या गावापुढे आता काय, हा प्रश्न होता. किल्ल्यावरच्या चर्चला वारसा म्हणायला कोणाची हरकत नसते. पण गंजलेली लिफ्ट, यंत्रांच्या खोल्या आणि काळोखे बोगदे? कार्दोनाने त्यांनाही वारसा मानायचे ठरवले. आज ‘मारिया तेरेसा’ या जुन्या कूपकाच्या परिसरात खाणीची यंत्रसामग्री पाहता येते आणि जमिनीखाली ८६ मीटरपर्यंत उतरून मिठाच्या रंगीत थरांतून व लवणस्तंभांखालून चालता येते. हजार मीटर खोलीवरचे ते जग मात्र पाहुण्याला दिसत नाही, हेही नोंदवून ठेवा.

मीठ सहज मोकळे करत नाही. १९९८ मध्ये खाणीच्या एका उथळ बोगद्यात कार्देनेर नदीचे पाणी शिरले. गोडे पाणी मिठाला भिडले की काय होते हे सांगायला नको. भूमिगत पोकळ्या वाढल्या आणि जमिनीवर ठिकठिकाणी खड्डे खचले. अखेर बोगदा खणून नदीचा प्रवाहच दुसरीकडे वळवावा लागला आणि तिचे एक जुने वळण कोरडे पडले.

आणि आता ती नद्यांची साखळी. पोटॅश वेगळे काढताना उरलेल्या मिठाचे ढीग उघड्यावर पडतात. पावसाने ते खारे पाणी कार्देनेरमध्ये, तिथून ल्योब्रेगातमध्ये जाते. ल्योब्रेगात तर बार्सेलोना परिसराला पिण्याचे पाणी पुरवणारी नदी. म्हणून १९८० च्या दशकात या खोऱ्यातील खाणींचे खारे पाणी वेगळ्या वाहिनीतून थेट समुद्रापर्यंत नेण्याची व्यवस्था करावी लागली. पावणेचार कोटी वर्षांपूर्वी समुद्रापासून तुटलेले मीठ अशा रीतीने पुन्हा समुद्राकडे निघाले. फक्त त्याचा वाहतूक खर्च आता माणसाला सोसावा लागतो.

१०. वारसा म्हणजे नेमके काय?

कार्दोना आपल्याला काय शिकवते? सांत व्हिसेन्सची कमान, ड्यूकांचा किताब, बाजाराचा चौक, खाणीचा बोगदा आणि खचलेला नदीकाठ या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. त्या एकाच साधनसंपत्तीच्या वेगवेगळ्या काळांतील खुणा आहेत. त्यांतील सुंदर तेवढ्या वेचून वारसा म्हणायचे आणि बाकीच्या विसरायच्या, तर इतिहास अर्धाच उरतो. मीठ फोडणारा नवाश्मयुगीन माणूस, सनदेच्या आसऱ्याला आलेली दासी आणि विसाव्या शतकातील खाणमजूर यांची नावे चर्चच्या भिंतीवर नाहीत. पण त्यांच्याशिवाय ती भिंत उभी राहिली नसती, आणि गाव टिकले नसते.

पुढच्या वेळी तुम्ही कोणतेही जुने गाव पाहायला गेलात, तर सर्वांत सुंदर इमारतीसमोर उभे राहून एवढेच विचारा : हिच्यासाठी पैसा कुठून आला, आणि तो मिळवण्यासाठी जमिनीला आणि माणसांना काय द्यावे लागले?

सारांश

• कोंडलेला समुद्र आटून मिठाचे थर बनले. पर्वतनिर्मितीच्या दाबाने ते वर आले आणि कार्दोनाला उघडे पडले.
• नवाश्मयुगापासून इथे मीठ काढले जाते. सरहद्दीमुळे इथे किल्ला आला आणि ९८६ च्या सनदेने वस्ती टिकवली.
• मिठाच्या उत्पन्नावर कार्दोना घराणे सामर्थ्यवान झाले. १०४० मध्ये अभिषिक्त झालेले सांत व्हिसेन्स हे पहिल्या रोमनेस्क शैलीचे महत्त्वाचे उदाहरण आहे.
• १७१४ नंतर किल्ला छावणी झाला. आजच्या चर्चचा रितेपणा काही अंशी त्यातून आला आहे.
• पोटॅशच्या खाणीने गावाला रोजगार दिला. १९९० मध्ये ती बंद पडली. खचणारी जमीन आणि खारे पाणी हेही तिचेच देणे.

महत्त्वाच्या संज्ञा

डायापिर : दाबामुळे वरच्या खडकांतून वर सरकलेला मिठाचा घुमट.
लोंबार्द पट्टे : भिंतीवरील उभे पट्टे आणि त्यांना जोडणाऱ्या बंद कमानी.
ॲप्स : चर्चच्या टोकाचा अर्धवर्तुळाकार भाग.
स्क्विंच : चौकोनी जागेवर घुमट बसवण्यासाठी कोपऱ्यात बांधलेली कमान.
क्रिप्ट : वेदीखालील प्रार्थनेचे तळघर.

स्वाध्याय

१. मिठाच्या थरावर पोटॅशचा थर का असतो? कारण सांगा.
२. ९८६ च्या सनदेतील आसऱ्याची तरतूद त्या काळाच्या राजकीय परिस्थितीशी जोडून स्पष्ट करा.
३. दगडी कमानछताचा बाहेरचा रेटा सांत व्हिसेन्समध्ये कसा सांभाळला आहे? आकृती काढून दाखवा.
४. ‘बंद पडलेली खाण हाही वारसाच आहे.’ या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.
५. तुमच्या परिसरातील एक जुनी वास्तू निवडा. ती कोणत्या उत्पन्नातून उभी राहिली याचा शोध घेऊन दोन पाने लिहा.